१८९७ : मजकूर, भाषांतर आणि अप्रीती

मराठी वाङ्मयेतिहासाचे कालखंड पाडताना १८७४, १८८५, १९२० ही वर्षे आपण जवळजवळ गृहीत धरतो. 'निबंधमाले'चा आरंभ, हरिभाऊ-केशवसुतांचा उदय, टिळकयुगाचा अस्त, अशी त्यांची कारणेही आपल्याला पाठ असतात. १८९७ हे वर्ष मात्र या यादीत नाही. ते राजकीय इतिहासाच्या वाट्याला गेले आहे. प्लेग, रँडचा खून, टिळकांचा पहिला राजद्रोहाचा खटला आणि चापेकर या चार नोंदींत ते संपते. या वर्षाकडे मराठीच्या अभ्यासकांनी वेगळ्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते. मराठी मजकुराचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न त्या वर्षी न्यायालयात गेला आणि त्याला मिळालेल्या उत्तराची छाया पुढील काही दशकांच्या मराठी गद्यावर पडली. त्याच वर्षी जो शब्द लिहिला गेला नाही, किंवा ज्याच्यामागे कोणी सही घेऊन उभे राहिले नाही, त्याचे काय झाले, हेही तितकेच पाहण्यासारखे आहे.

चार कलमांचा कायदा

वर्षाचा आरंभ दुष्काळात झाला. १८९६ च्या पावसाने दगा दिला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारचाच दुष्काळविषयक कायदा मराठीत समजावून सांगत खेडोपाडी प्रचार चालवला. सूट मागणे ही भीक नसून तो सरकारी नियमांनीच दिलेला हक्क आहे, असा त्या प्रचाराचा आशय होता. हक्काची भाषा रयतेच्या बोलीत उतरली की सत्ता अस्वस्थ होते, याचा प्रत्यय तेव्हाच आला. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलेला प्लेग तोवर पुण्यात येऊन पोचला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा देत होता. आज्ञाभंगाला दंडसंहितेप्रमाणे शिक्षा होती, आणि या कायद्यान्वये सद्भावाने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, अशी हमी चौथ्या कलमात होती. रयतेच्या बाजूने बोलणारे एकही कलम त्यात नव्हते. हाच कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा वापरला गेला, तेव्हा त्याचे आयुष्य किती लांब आहे ते आपण पाहिले.

पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्षपद सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याच्याकडे आले. १३ मार्च ते १९ मे या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवण्यात आले, घरातील सामान जाळण्यात आले, भिंतींना चुना फासण्यात आला. एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. 'केसरी'चा विरोध विलगीकरणाला नव्हता. टिळक स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बोल लावले. आक्षेप होता तो अंमलबजावणीच्या रीतीला. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणारा सैनिक हे त्या आक्षेपाचे दृश्य रूप होते.

ज्या शब्दांना सही नव्हती

या वर्षाचे नेहमीचे कथन पुण्याच्या पेठांत सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु प्लेगने त्या वर्षी सत्यशोधक चळवळीची दोन मोठी माणसे महिनाभराच्या अंतराने नेली. 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले संघटक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीस मुंबईत वारले. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली. रँडच्या कमिटीची शोधमोहीम सुरू होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते. कालक्रम इतका जुळलेला असूनही या मृत्यूंचा आणि 'केसरी'तील प्लेगचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत एका पानावर येत नाही. रँडची बग्गी ज्या गणेशखिंडीच्या राजभवनातून २२ जूनच्या रात्री बाहेर पडली, त्या वास्तूत पुढे पुणे विद्यापीठ आले आणि २०१४ पासून ते सावित्रीबाईंच्या नावाने ओळखले जाते. एकाच शहराच्या दोन इतिहासांची गाठ अशी शतकानंतर, तीही नामफलकावर पडली.

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी, आपल्या आश्रयाखालील एका मुलीच्या अनुभवाच्या आधारे, त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले होते. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि पुण्याच्या सनातनी वर्तुळाशी त्यांचे उघड वैर होते. तेव्हा सरकारविरोधाचा ठपका त्यांच्यावर सहजी बसण्यासारखा नव्हता. तरीही सरकारने त्यांचे म्हणणे निराधार ठरवले.

त्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेली पत्रे आणि रमाबाईंचा मजकूर यांच्या आधारे त्यांनी तेथील पार्लमेंटच्या सभासदांपुढे व वृत्तपत्रात सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. त्यांत स्त्रियांवरील अत्याचाराचाही आरोप होता. ते परतले तेव्हा रँडच्या खुनाने वातावरण पालटलेले होते. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते आणि साक्षीला कोणी पुढे येईना. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुढे कितीतरी काळ ती माफी त्यांच्या राजकीय आयुष्याला चिकटून राहिली.

गोखल्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यांच्या सचोटीचा किंवा दुबळेपणाचा दाखला म्हणून येतो. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट सुटते, असे आमचे मत आहे. माफी मागितली गेली म्हणून घटना घडलीच नव्हती, असे सिद्ध होत नाही. झाले एवढेच, की तिला पुराव्याचे रूप देता आले नाही. अब्रूच्या कल्पनेने जखडलेल्या समाजात स्त्रीवरील अत्याचाराचा साक्षीदार होणे म्हणजे त्या स्त्रीला दुसऱ्यांदा चव्हाट्यावर आणणे, ही भीती होती. साथरोग कायद्याच्या चौथ्या कलमाने अधिकाऱ्याला जे संरक्षण दिले होते, ते पुणेकरांच्या मौनाने आणखी भक्कम केले. त्या उन्हाळ्यात स्त्रियांनी जे सांगितले असेल ते बहुतांशी कागदावर आलेच नाही.

१५ जूनचा अंक

आता ज्या मजकुराला कायद्याने वाजवीपेक्षा अधिक अर्थ दिला त्याकडे वळू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. १५ जूनच्या 'केसरी'त दोन गोष्टी छापून आल्या. 'भवानी तलवार' अशा सहीची 'शिवाजीचे उद्गार' ही कविता, आणि उत्सवातील व्याख्यानांचा वृत्तान्त. कवितेत महाराज दीर्घ निद्रेतून जागे होऊन आपल्या मुलखाची अवस्था पाहतात आणि विषाद व्यक्त करतात. हा संकेत मराठी वाचकाला नवा नव्हता. शिवचरित्र समकालीन दुःखाच्या कामी लावण्याची वाट जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच आपल्या पोवाड्यात घालून दिली होती, फक्त त्यांचा शिवाजी वेगळ्या दुःखावर बोट ठेवीत होता.

वृत्तान्तातील वादाचा विषय होता अफझलखानाचा वध. प्रा. भानू यांनी इतिहासाच्या अंगाने महाराजांचे समर्थन केले. अध्यक्षस्थानावरून टिळकांनी प्रश्न नीतिशास्त्राकडे नेला. थोर पुरुष सामान्य नीतिनियमांच्या वर असतात काय, आणि निष्काम बुद्धीने केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागतो काय, याचा विचार त्यांनी गीतेच्या आधारे मांडला. विहिरीतील बेडकाप्रमाणे दृष्टी आकुंचित न ठेवता पीनल कोडाच्या बाहेर पडून गीतेच्या मोकळ्या वातावरणात यावे, अशा अर्थाचे विधान त्या वृत्तान्तात आहे. जो मजकूर पुढे पीनल कोडाच्या कलमाखाली तपासला गेला, त्याने स्वतःच पीनल कोडाच्या मर्यादेचा उल्लेख केला होता. 'गीतारहस्या'त कर्माकर्माचा जो विचार १९१५ साली ग्रंथरूपाने आला, त्याची एक अपुरी आणि वादग्रस्त मांडणी या अंकात आहे. विद्यार्थ्यांनी ती त्या ग्रंथाच्या संदर्भात वाचायला हवी.

अंक निघून आठवडा झाला. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई होती. रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला मरण पावला. मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी हा खून आणि 'केसरी'तील मजकूर यांची सांगड घातली. पुण्यावर ज्यादा पोलीस बसवण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

भाषांतरकार फिर्यादी होतो

या खटल्यात सरकारतर्फे फिर्याद नोंदवली होती ती मिर्झा अब्बास अली बेग यांनी. ते सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर, म्हणजे देशी भाषांतील मजकूर इंग्रजीत करून सरकारपुढे ठेवणारे अधिकारी होते. कायद्याच्या दृष्टीने ही केवळ औपचारिकता असेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र येथे क्षणभर थांबले पाहिजे. येथे भाषांतरकारच फिर्यादी होता.

जामिनाचा अर्ज न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने काम पाहिले होते. अकरा वर्षांनी हेच दावर न्यायाधीशाच्या आसनावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणार होते. ८ सप्टेंबरला न्या. आर्थर स्ट्रेची यांच्यापुढे खटला सुरू झाला. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी गृहस्थ होते. खुनाच्या चिथावणीचा आरोप टिळकांवर नव्हता आणि मारेकऱ्यांचा पत्ताही तोवर लागला नव्हता. प्रश्न एवढाच होता की हा मजकूर वाचून वाचकाच्या मनात काय उत्पन्न होईल. मराठी शब्दांच्या इंग्रजी पर्यायांवर न्यायालयात वाद झाले. ज्या 'वाचका'च्या मनाची चर्चा चालली होती तो मराठी होता, आणि निर्णय देणाऱ्यांतील बहुसंख्यांना तो मजकूर भाषांतरातून भेटत होता.

१४ सप्टेंबरला निकाल लागला. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. विभागणी वंशाच्या रेषेवर झाली, हे सर्वच इतिहासकार सांगतात. ती मराठीच्या परिचयाच्या रेषेवरही झाली असावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

अप्रीती म्हणजे काय?

ज्या १२४ अ कलमाखाली ही शिक्षा झाली ते १८७० साली दंडसंहितेत घालण्यात आले होते. त्याच्या मूळ मजकुरात 'सेडिशन' हा शब्द नव्हता. गुन्हा होता तो सरकारविषयी 'डिसअफेक्शन' उत्पन्न करण्याचा. मराठीत आपण त्याला सर्रास 'राजद्रोह' म्हणतो, परंतु द्रोह ही कृती आहे आणि 'अप्रीती' ही मनाची अवस्था. कलमाने शिक्षापात्र ठरवली होती ती दुसरी गोष्ट. न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावून सांगताना या शब्दाची व्युत्पत्ती पकडली. 'डिसअफेक्शन' म्हणजे 'अफेक्शन'चा अभाव, त्यात द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीची प्रत्येक प्रकारची दुर्भावना येते, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्ष बंड झाले की नाही, किंवा बंडाची चिथावणी होती की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. शिवाय मजकूर कोणत्या वाचकांत, कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत प्रसृत झाला हेही ध्यानात घ्यावे, असे त्यांनी बजावले.

हे दुसरे सूत्र एरवी कोणत्याही समीक्षकाला मान्य होईल. संदर्भाविना अर्थ नसतो, हे आपण वर्गात रोज सांगतो. परंतु तेच सूत्र सरकारच्या हाती पडले की लेखकाचा हेतू मागे पडतो आणि वाचकाच्या मनात काय आले असेल याविषयीची सरकारची भीती हाच पुरावा बनतो. वाचककेंद्री समीक्षेचा उत्साहाने पुरस्कार करणाऱ्यांनी हा खटला एकदा वाचावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

याच वर्षी इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्रावर खटला झाला. त्यातील लेख कॅनडाच्या स्वातंत्र्याच्या तयारीविषयी होता. कॅनडावरील लेख हिंदुस्थानविषयी वाचायचा, हे साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने गृहीत धरले आणि अतिशय कठोर शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पुष्कळ कमी केली. या पीठावर न्या. महादेव गोविंद रानडे होते. अप्रीती म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे, ती बेइमानीच्या जवळ जाणारी, अधिकाराविरुद्ध उभी राहणारी प्रत्यक्ष विरोधाची भावना होय, असा अर्थ रानडे यांनी केला. कोशातील शब्दाला व्यवहाराच्या अर्थाकडे परत आणण्याचा हा प्रयत्न होता. तथापि टिळकांचा प्रिव्ही कौन्सिलपुढील अर्ज नोव्हेंबरमध्ये फेटाळला गेला आणि १८९८ च्या दुरुस्तीने कलम आणखी रुंद झाले. 'द्वेष' आणि 'तिरस्कार' हे शब्द त्यात आले, अप्रीतीत शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण जोडले गेले, आणि प्रजेच्या वर्गावर्गांतील शत्रुत्वाविषयीचे १५३ अ हे नवे कलमही त्याच वर्षी जन्मास आले.

दामोदर चापेकरांचा कबुलीजबाब ऑक्टोबर १८९७ मधला, म्हणजे टिळकांच्या शिक्षेनंतरचा आहे. तुरुंगात त्यांनी मराठीत लिहिलेल्या आत्मवृत्तात इंग्रजांविषयीच्या द्वेषाइतकाच सुधारकांविषयीचा रागही तीव्र आहे. प्लेगच्या जुलमाला दिलेले सरळ उत्तर म्हणून त्या कृत्याकडे पाहणाऱ्यांनी हा भाग टाळू नये. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली.

आडवळणाची भाषा

टिळक तुरुंगात असतानाच मार्च १८९८ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' पत्र सुरू झाले. शिवरामपंतांची वक्रोक्ती, त्यांचा उपरोध, स्तुतीच्या आवरणाखालची निंदा, पुराणातील आणि परदेशातील दाखल्यांची योजना, हे सर्व आपण शैलीविचारात शिकवतो. ते त्यांच्या संस्कृत व्यासंगातून आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या परंपरेतून आले, यात शंका नाही. परंतु ही शैली १८९८ मध्येच एवढी आवश्यक का झाली आणि वाचकांनी ती एवढी चटकन का आपलीशी केली, याचे उत्तर शैलीविचारात मिळत नाही. सरळ विधान शिक्षापात्र झाल्यावर गद्याने दोन तळांवर बोलायला शिकणे क्रमप्राप्त होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८९७ च्या सुमारास 'केसरी'त आले. त्यांच्या १९०७ च्या 'कीचकवधा'त महाभारताच्या पात्रांमागे कर्झनशाही प्रेक्षकांना स्वच्छ दिसली, आणि सरकारला ती दिसल्यावर १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

अर्थात ही युक्ती कायम पुरी पडली नाही. शिवरामपंतांनाही १९०८ साली राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, आणि आपल्या मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरातील चुका दाखवण्यात त्यांनी बराच वेळ खर्च केला. पहिल्या खटल्याने त्यांना शिकवलेला हा धडा होता. निकालावर त्याचा परिणाम झाला नाही.

केदारनाथ सिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ कलम वैध ठरवले, पण हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांततेचा भंग करण्याचा कल असेल तेथवर ते मर्यादित केले. म्हणजे स्ट्रेची यांचा अर्थ बाजूला पडला. ११ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने कलमाचा अंमल स्थगित ठेवण्याचे निर्देश दिले आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १५२ व्या कलमात 'राजद्रोह' हा शब्द नाही. तो मूळ कलमातही नव्हता, हे येथे आठवावे.

आमची सूचना साधी आहे. आधुनिक मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात १८९७ हे वर्ष एका वेगळ्या घटकासारखे शिकवावे. १५ जूनचा 'केसरी', रमाबाईंचे मे महिन्यातील पत्र, गोखल्यांची माफी, चापेकरांचे आत्मवृत्त आणि रानड्यांचा अभिप्राय ही पाच पाठ्ये विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत. यांतली काही इंग्रजीत आहेत आणि भाषांतराचा प्रश्न पुन्हा उभा राहील. तो राहू द्यावा. आणि एवढे झाल्यावर सहावे पान कोरे ठेवून विचारावे, की त्या वर्षी प्लेगच्या इस्पितळात असलेल्या बाईने काय सांगितले असेल, आणि ते ऐकून घेण्यास तेव्हा कोणती भाषा तयार होती.